शाळेच्या वडाची डहाळी

हेमावतीबाईंना झाडांचं वेड आहे, असं धारवाडच्या त्या गल्लीत सगळे म्हणत, आणि म्हणताना जरा हसत. हसेनात का. गल्लीच्या टोकाला मराठी प्राथमिक शाळा होती, तिच्या पटांगणात धोंडे आणि काटे सोडले तर दुसरं काही उगवत नसे. बाई तिथं बदलून आल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी मुलांच्या हातात खुरपी दिली. पाट्या धुतलेलं पाणी, दुपारच्या उप्पिटानंतर हात धुतलेलं पाणी, सगळं झाडांच्या आळ्यांत जायला हवं. पालापाचोळा जाळायचा नाही, खड्ड्यात टाकायचा, वर शेण, वर माती. ज्या गावात नळाला पाणी आलं की बायका हातातली पोळी तव्यावर टाकून धावत, त्या गावात ही शाळा उन्हाळ्यातही हिरवी दिसायची.

बाईंनी एक नियम घालून दिला होता. जो झाडाचं एक पान तोडेल, त्यानं महिनाभर विहिरीवरून घागर आणून झाडांना पाणी घालायचं. मग तो कुणीही असो. "आणि मी तोडलं तर मीसुद्धा," असं त्या म्हणाल्या तेव्हा सगळा वर्ग खो खो हसला होता. बाई पान तोडतील ही कल्पनाच मुलांना करता येईना.

पटांगणाच्या मागच्या कोपऱ्यातला वड मुलांचा सगळ्यांत लाडका. वनमहोत्सवात लावला तेव्हा चौथीतल्या पोरांच्या गुडघ्याला लागत होता, आता हेडमास्तर वादिराज सरांच्या टोपीच्याही वर गेला होता. मुलांचा लाडका खरा, पण जीव लावला होता तो चंद्रभागेनं. तिचा बाप नागोजी अळणावरकडच्या खेड्यातून खडी फोडायला धारवाडात आलेला. शाळेमागच्या झोपड्यांत राहायचा, दोन-चार शेळ्या पाळायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप असताना ही पोर कुंपणाच्या भोकातून डबाभर पाणी आत घेऊन यायची. वडाला नवी तांबूस पालवी फुटली तेव्हा तिनं आपल्या जुन्या जांभळ्या झग्याची चिंधी फाडून, धोंड्यावर चढून अगदी शेंड्याला बांधली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "दिष्ट लागू नये म्हणून, बाई." बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. आता तो हात आठवला की त्यांना कसंतरीच होई.

झालं ते असं. गल्लीच्या तोंडाशी एक जुना, पारंब्यांचा वड होता. रस्ता रुंद करायचा म्हणून त्या उन्हाळ्यात तो पाडला. तेव्हा हेमावतीबाई मजुरांशी भांडल्या होत्या, मुकादमाला चार शब्द सुनावले होते आणि घरी येऊन जेवल्या नव्हत्या. पुढं ज्येष्ठात वटपौर्णिमा आली आणि गल्लीतल्या मराठी बायकांना कळेना की पूजा करायची कुठं. दुसरा वड पार टेकडीपलीकडं. बाईंच्या सासूबाई अंबूताई यांचे गुडघे धरलेले, उंबरा ओलांडायचा तरी त्या देवाचं नाव घेत.

"डहाळी आणून घरीच पूजू या," अंबूताई म्हणाल्या. "तुमच्या शाळेत आहे की वड. किल्लीही तुझ्याकडंच असते."

"मुलांचं झाड आहे ते, आई."

"मग काय मुळासकट मागतेय का मी? एक डहाळी. नवऱ्याच्या आयुष्यासाठी एवढंही होत नसेल, तर राहू दे बाई."

नवऱ्याच्या आयुष्याचं नाव काढल्यावर कोणती सून पुढं बोलेल? आणि खरं सांगायचं तर बाईंना वाद घालायचा कंटाळाही आला होता. रविवार होता, उपास होता, वाणाचे आंबे धुवायचे होते. त्यांनी किल्ली काढून दिली. शेजारच्या विमलअक्का न्यायला आल्या होत्या. त्यांना देताना बाई एवढंच म्हणाल्या, "मागच्या बाजूची तोडा. पुढून दिसायला नको."

हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. ते सासूबाईंनी सांगितलं नव्हतं की विमलअक्कांनी वदवून घेतलं नव्हतं.

विमलअक्कांनी एक डहाळी आणली. मग समोरच्या घरातून विचारणा झाली, त्यांना मिळाली तर आम्हांला का नाही. मग त्यांच्या जावेनं कोयता घेतला. किल्ली दिवसभर या हातातून त्या हातात फिरली आणि संध्याकाळी अंगाऱ्यासारखी पदराआडून परत आली. बाईंनी ती खुंटीला अडकवली आणि शाळेकडं बघायला गेल्या नाहीत.

त्यांच्या घरी आलेली डहाळी चांगली तजेलदार होती, शेंड्याची. तांब्यात रोवताना त्यांना जांभळी चिंधी दिसली. त्यांनी ती सोडायला पाहिली, पण गाठ पाण्यानं घट्ट आवळली होती, नखालाही दाद देईना. सासूबाई पाटावर बसून वाट बघत होत्या. बाईंनी मग चिंधीवरूनच पांढरं सूत गुंडाळलं, हळद-कुंकू वाहिलं आणि तांब्याभोवती प्रदक्षिणा घातल्या.

सोमवारी मुलं शाळेत आली ती मागच्या कोपऱ्यापाशीच थांबली. वडाचा नुसता सोट उरला होता. वादिराज सरांनी वाकून सोटावरच्या खुणा पाहिल्या.

"कोयत्याचं काम आहे हे. शेळ्यांसाठी पाला नेलाय कुणीतरी."

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, नागोजीकडं कोयता आहे. तो पिंपळाचा पण पाला तोडतो."

सगळ्यांच्या माना चंद्रभागेकडं वळल्या. ती झाडाकडं बघत उभी होती, तिला आधी कळलंच नाही की आपल्याबद्दल बोलणं चाललंय. कळलं तेव्हा म्हणाली, "अप्पा न्हाई तोडायचा. ह्यो माझा वड हाय, त्याला म्हाईत हाय."

सरांनी बाईंकडं पाहिलं. "किल्ली तुमच्याकडं असते. काल फाटक बंद होतं ना?"

तोंड उघडायची वेळ हीच होती. बाईंनी ते उघडलंही. "बंद होतं," त्या म्हणाल्या.

"मग कुंपणावरूनच शिरला असणार."

हेडमास्तरांच्या खोलीत गेल्यावर सांगू, मुलांसमोर कशाला, अशी बाईंनी मनाची समजूत घातली. खोलीत गेल्यावर सरांना चहा आला, मग हजेरी, मग घंटा झाली. सगळा प्रकार उघड होईपर्यंत चंद्रभागेनं वर्गाबाहेर बसायचं असं सरांनी ठरवलं. बाई दिवसभर शिकवत होत्या आणि दारातून पोरीची पाठ दिसत होती. पाठीवर झग्याचं ठिगळ होतं, जांभळं.

संध्याकाळी नागोजी बाईंच्या घरी आला. पायरीच्या खाली उभा, खांद्यावर बाभळीच्या काट्यांचा भारा, मागं चंद्रभागा.

"अक्कोरू," तो म्हणाला. तिकडं गुरुजीण बाईंना असंच म्हणतात. "म्या तोडलं न्हाई. शेळ्यांची आण. पर तुमी म्हणता तर तोडलं म्हणा. कुंपणाला काटे आणल्यात, उद्या घालून देतो. पोरीला तेवढं साळंतनं काढू नगा. घरात शिकणारी ती पयलीच हाय."

"काढणार नाही कुणी," बाई म्हणाल्या.

आतून अंबूताईंनी कोण आलंय म्हणून विचारलं आणि लहान मुलगी आहे कळताच भिंत धरत धरत बाहेर आल्या. म्हातारी मनानं वाईट नव्हती. हातात आंबा होता. "घे बाळ, कालच्या वडाचं वाण आहे," म्हणून त्यांनी तो पोरीच्या ओंजळीत ठेवला.

चंद्रभागेनं आंबा घेतला आणि कुठला वड म्हणून सहज मान वळवली. तुळशीपाशी तांब्या होता. पानं एका दिवसात मलूल झाली होती, सूत सैल पडून खाली घसरलं होतं आणि जांभळी चिंधी उघडी पडली होती. पोरीनं आपली गाठ ओळखली. तिनं चिंधीकडं बघितलं, मग बाईंकडं. बाईंना वाटलं, आता ही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, एक ओझं उतरलं असतं. पण तिनं आंबा हळूच पायरीवर ठेवला.

"अप्पा, चला," ती म्हणाली. "शेळ्या बांधायच्या हाइत."

नागोजी काट्यांचा भारा तसाच घेऊन निघाला. त्याला काहीच कळलं नव्हतं. बाई दारात उभ्या राहिल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात लोक. धरणीला काय तेवढाच उद्योग आहे? त्यांना आत जाऊन कुकर लावायचा होता, आणि त्यांनी तो लावला.

मंगळवारी प्रार्थनेनंतर वादिराज सरांनी चंद्रभागेला पुढं बोलावलं. "खरं सांग. घाबरू नकोस."

ती ताठ उभी राहिली. बाईंकडं तिनं पाहिलं नाही. "आमच्या शेळीनं खाल्लं, सर," ती म्हणाली. "मी भोक बुजवलं न्हवतं. माझी चूक हाय."

मुलांत कुजबुज झाली. कोयत्याच्या खुणा विसरून सर समाधानानं मान हलवू लागले. हेमावतीबाईंना आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. जे पोर आपण घडवतो आहोत म्हणून त्या मिरवत होत्या, ते त्यांची अब्रू झाकायला सगळ्यांसमोर खोटं बोलत होतं.

"शेळीनं खाल्लं नाही," त्या म्हणाल्या. "नागोजीनं तोडलं नाही. किल्ली मी दिली."

"बाई, आपण आत जाऊन बोलू," सर घाईघाईनं म्हणाले. "मुलांसमोर नको."

"मुलांसमोरच सांगायला हवं, सर. काल मुलांसमोरच गप्प बसले होते." मग त्या मुलांकडं वळल्या. "वटपौर्णिमेसाठी डहाळ्या तोडल्या. त्यातली एक माझ्या घरी आहे. मागच्या बाजूनं तोडा, पुढून दिसायला नको, असं मीच सांगितलं. चंद्रभागा बाहेर बसली तेव्हा मला सगळं माहीत होतं."

मग पहिलीतला एक बारका पोरगा, त्याला यातलं अर्धंही कळलं नसेल, म्हणाला, "बाई, मग पाणी तुम्ही घालणार?"

कुणी हसलं नाही.

महिनाभर बाई कंबरेवर घागर घेऊन विहिरीवरून शाळेत गेल्या. गल्लीतल्या बायका दारातून बघत. विमलअक्का पहिल्या दिवशी म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं, हेमावती? झाडच ते." पुढं त्या खिडकी लोटून घेऊ लागल्या. नागोजीकडं बाई स्वतः गेल्या आणि त्याची माफी मागितली. तो बिचारा इतका गडबडला की त्यानंच हात जोडले.

वडाचं म्हणाल तर तो चिवट. पाऊस लागला आणि सोटाला जागोजाग तांबूस कोंब फुटले. त्या दिवशी बाईंनी आपल्या पातळाच्या काठाची एक पट्टी फाडून शाळेत आणली आणि चंद्रभागेला वडापाशी बोलावलं. त्या मंगळवारनंतर ती वर्गात पहिल्यासारखीच बसत होती, विचारलेल्याची उत्तरं देत होती, पण मागच्या कोपऱ्यात कधी फिरकली नव्हती.

"ही बांध," बाई म्हणाल्या. "दृष्ट लागू नये म्हणून."

चंद्रभागेनं पट्टीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाईंनी तो शोधून पाहिला.

"तुमीच बांधा, बाई," ती म्हणाली. "तुमची हाय म्हटल्यावर कोन तोडनार न्हाई."

आणि घंटा झाली म्हणून ती वर्गाकडं पळाली.