मापाने निवडलेली जंप क्यू

मित्रांनो, रॅकमध्ये मला माझ्या बहिणींच्या शेजारी उभं केलं, तर मी त्यांच्या खांद्यालासुद्धा पोचत नाही. नवखी माणसं मला बघून म्हणतात, "हिचा अर्धा भाग हरवला वाटतं." काही हरवलेलं नाही. मी एवढीच आहे. मी जंप क्यू आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे.

पूल हा टेबलावरचा खेळ तुम्ही पाहिला असेल. काठीने पांढरा चेंडू मारायचा आणि त्याच्या धक्क्याने रंगीत चेंडू टेबलाच्या कडेच्या खिशात पाडायचा. त्या काठीला क्यू म्हणतात. कधी कधी पांढऱ्याच्या वाटेत भलताच चेंडू येऊन ठाण मांडतो आणि बाजूने जायला जागा उरत नाही. तेव्हा पांढऱ्याला त्या चेंडूच्या डोक्यावरून उडी मारायला लावावी लागते. मी तेवढ्यापुरती. एखाद्या डावात एकदा, एखाद्या डावात एकदाही नाही. बाकी वेळ मी पिशवीत असते.

माझं लाकूड आधी बरेच महिने नुसतं वाळत ठेवलं होतं. मग कारागिराने ते लेथवर थोडं थोडं कातलं. मध्ये पुन्हा वाळू दिलं, पुन्हा कातलं. घाई केली की काठी वाकते, हे त्याला ठाऊक होतं. माझे दोन भाग आटे पाडून एकमेकांत बसवले. माझ्या बहिणींच्या टोकाला मऊ कातड्याची टिप असते. तिला निळा खडू लावला की ती चेंडूला छान धरते. माझी टिप मात्र दगडासारखी कडक. चेंडू टेबलावरून उसळायला हवा, तर टिप कडकच लागते. मग मला पुसून चमकवलं आणि एका दुकानात पाठवलं.

त्या दुकानात एक दिवस गोटीची आत्या आली.

गोटी म्हणजे तिची भाची. खरं नाव वेगळं होतं, पण लहानखुरी आणि सतत इकडून तिकडे घरंगळणारी म्हणून सगळे तिला गोटीच म्हणत. तिची आई डबे भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या विश्रांतीच्या खोलीत पूलचं एक जुनं टेबल होतं. आईची कामाची पाळी सुटेपर्यंत गोटी तिथली लांबलचक काठी घेऊन खेळायची. काठीचं मागचं टोक भिंतीला आपटायचं, कधी कुणाच्या चहाच्या कपाला लागायचं. आत्याने ते एकदा पाहिलं होतं.

आत्या शिंपीण होती. कपाट घ्यायला गेली तरी आधी टेप काढायची, असा तिचा स्वभाव. तिने गोटीच्या हाताचं, खांद्याचं, उंचीचं माप आणलं होतं.

"मुलीच्या मापाची दाखवा," ती दुकानदाराला म्हणाली. "हलकी हवी. आणि मजबूत. पोरगी धसमुसळी आहे."

"खेळते का आधीपासून?"

"खेळते म्हणजे? झोपेतसुद्धा नेम धरते!"

दुकानदाराला वाटलं, त्या पोरीकडे रोजची क्यू असणारच. त्याने मला पुढे केलं. "मग ही बघा. सगळ्यांत हलकी, आखूड आणि पक्की."

आत्याने माझ्यावर टेप धरला. माप बरोबर बसलं. तिने मला उचलून पाहिलं, टिपेवर नखाने टकटक केलं आणि समाधानाने मान हलवली. त्याने खोटं काही सांगितलं नाही. तिनेही निवडायला कमी वेळ घेतला नाही. फक्त मी कशासाठी आहे, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

गोटीने मला पाहिलं आणि आत्याच्या गळ्यात पडली. त्या रात्री मी तिच्या उशाशी होते. मित्रांनो, एवढे लाड माझ्या कुठल्याच बहिणीचे झाले नसतील.

दुसऱ्या दिवसापासून आमचे हाल सुरू झाले.

गोटी मला सगळ्या फटक्यांना वापरू लागली. माझ्या टिपेवर खडू टिकत नाही. चेंडूच्या बरोबर मध्यावर मारलं तर ठीक, जरा बाजूला लागलं की मी सटकते. पांढरा चेंडू एकीकडे, रंगीत दुसरीकडे. कारखान्यातल्या काठीने जे चेंडू सहज पडायचे, ते आता खिशाच्या तोंडाशी येऊनही पडेनात. गोटी पुन्हा मांडायची, पुन्हा मारायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, "अगं, हे माझं काम नाही!" पण काठीचं कोण ऐकणार?

आत्या घरी आली की विचारायची, "काय म्हणतेय काठी?"

"मस्त आहे आत्या. एकदम मापात."

आई स्वयंपाकघरातून हे बघायची. गोटी पूर्वी जेवताना सगळे फटके हातवारे करून सांगायची. आता ती खाली मान घालून जेवायची.

मग काही महिन्यांनी निवडीचा दिवस आला. पूलच्या एका मोठ्या हॉलमध्ये मुलामुलींचा संघ निवडणार होते. तिथे खेळ शिकवणाऱ्या बाईंना सगळे नुसतं बाई म्हणत. आई सोबत आली होती. गोटीचा नंबर आला. पहिल्याच फटक्याला मी सटकले. दुसऱ्याला चेंडू टेबलाच्या कडेवर आपटून परत आला. मागून एक मुलगा म्हणाला, "अरे, ही पेन्सिल घेऊन आलीये!" चार जण हसले.

गोटीने तिसरा फटका मारलाच नाही. तिने माझे आटे सोडवले, मला पिशवीत घातलं आणि आईचा हात धरला. "घरी जाऊ. मला नाही जमत. मला आता खेळायचंच नाही."

त्या दोघी दारापर्यंत पोचल्या होत्या, तेव्हा मागून बाईंनी हाक मारली.

"ए, थांब जरा. ती पिशवी दे बघू."

बाईंनी मला बाहेर काढलं, टिपेवर अंगठा फिरवला. "ही कोणी निवडली गं?"

गोटीने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच."

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण गोटीने तिचा हात घट्ट दाबला.

"आणि सगळे फटके हिनेच मारतेस? रोज?"

"हो."

बाईंनी 'पेन्सिल' म्हणणाऱ्या मुलाला बोलावलं आणि मला त्याच्या हातात दिलं. "तू मार रे. साधा सरळ फटका." त्याने ऐटीत मारला. मी सटकले. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तो कानापर्यंत लाल झाला.

मग बाईंनी रॅकमधली एक साधी क्यू गोटीला दिली. गोटी बिचकतच टेबलावर वाकली. पण इतके महिने माझ्यामुळे तिला चेंडूच्या बरोबर मध्यावर मारायची सवय लागली होती. चेंडू सरळ रेघेत गेला आणि खिशात पडला. दुसराही पडला. तिसऱ्याच्या वेळी हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं.

"तुला जमतं," बाई म्हणाल्या. "ही काठी वेगळ्या कामाची आहे, इतकंच. चल, तिचं काम दाखवते."

कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांनी कापडाचा एक जास्तीचा तुकडा अंथरला, म्हणजे खालचं चांगलं कापड फाटू नये. पांढऱ्यासमोर एक चेंडू आडवा ठेवला. माझं मागचं टोक उंच धरायला लावलं. "वरून खाली, छोटा आणि चपळ फटका. चेंडूखाली खुपसायचं नाही." गोटीने मारला. पांढरा चेंडू टुणकन उडाला आणि पलीकडे जाऊन पडला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं काम केलं, मित्रांनो. गोटी हसली. ती हसणं विसरली होती, हे मला तेव्हा कळलं.

परतताना गोटी म्हणाली, "आई, आत्याला सांगायचं नाही हं."

"मग काय, जन्मभर 'मस्त आहे' म्हणत राहणार?"

दोघी थेट आत्याकडे गेल्या, तेव्हा ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. तोंडात टाचण्या होत्या. गोटीने सगळं एका दमात सांगितलं. मशीन थांबलं. आत्याने एकेक टाचणी काढून उशीत टोचली.

"म्हणजे वहिनी, मी पोरीला पायजमा म्हणून बाही शिवून दिली की!" ती मोठ्याने हसली. मग तिचे डोळे भरले. "इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वेडाबाई! झंपर काखेत काचला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येऊन भांडतं. तसं भांडलं म्हणून तर मी शिवायला शिकले. तू भांडायचं होतंस माझ्याशी."

पुढच्या आठवड्यात तिघी दुकानात गेल्या आणि गोटीसाठी रोजची क्यू घेतली. आत्याने दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की त्याला घाम फुटला. गोटी संघात आली, पण राखीव खेळाडू म्हणून. तरी ती रोज सरावाला जायची.

नंतरची वर्षं बरी गेली. मी थोडं काम केलं, पण माझं काम केलं. माझ्या फटक्यावर टाळ्याही पडल्या. मग गोटीच्या परीक्षा आल्या, नोकरी आली. मी बाथरूमच्या गीझरवरच्या माळ्यावर पडून राहिले. वाफेने थोडी वाकले. टेबलावर घरंगळवलं तर आता मी डुगडुगते. लाकडी वस्तू ओल्या, गरम जागी ठेवू नका. भिंतीला तिरकी टेकवू नका. खेळून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. एवढ्यावर आम्ही तुमच्या नातवंडांपर्यंत टिकतो.

आणि आणखी एक सांगते. वाकलेल्या काठीच्या जागी नवी काठी मिळते. पण 'मला जमत नाही' म्हणून दारापर्यंत गेलेलं मूल परत फिरेलच, असं नाही. म्हणून मित्रांनो, हातातली वस्तू ऐकत नसेल, तर स्वतःला नावं ठेवण्याआधी ती कशासाठी केली आहे ते विचारा. आणि ती तुम्हाला प्रेमाने दिली असेल, तर देणाऱ्याला खरं सांगा. तेवढं ऐकून घ्यायला प्रेमाची माणसं तयार असतात.