वरबापाची मिशी

पनवेलच्या एका कॉलेजात अनुष्का नावाच्या विद्यार्थिनीनं लिहिलेल्या संगीतिकेची तालीम महिनाभर रंगली होती. कांदेपोह्यांचा कार्यक्रम, सगळा गाण्यातून, आणि सगळं उलटं: मुलगे बायका झालेले, मुली पुरुष. नवरी होता केतन. वरबाप होती दिपिका. काळी टोपी, जाड मिशी, पाय फाकवून बसणं आणि तोंडात मागण्यांची यादी. तिचा आवाज मुळातच भरदार. आजी गावोगावच्या आगरी लग्नांत धवला गायची, तिचा तो वारसा. आईला, हौसाला, त्याचा भारी अभिमान. "बाप्याचा आवाज नाय तो," ती म्हणायची, "आमच्या घरातल्या बायांचा हाय."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सांस्कृतिक विभागाचे परेश सर तालमीला आले. केतन पदर सावरत पोह्यांचा ट्रे घेऊन मुरडत आला, तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दिपिका मिशीला पीळ देत गायला लागली आणि त्यांनी तालीम थांबवली.

"हे नको. पालक येणार आहेत."

"केतनची साडी चालते, सर?"

"मुलगा साडी नेसला की लोक हसतात. मुलीनं मिशी लावली की लोक बोलतात. कोरसमधला कुमार वरबाप होईल. तू विंगेतून गा, तो ओठ हलवील."

दिपिकाची कानशिलं तापली. गाणं तिचं, मिशी दुसऱ्याची. पण नाही म्हटलं असतं तर प्रयोगच रद्द झाला असता आणि अनुष्का रडकुंडीला आली होती. दिपिका गप्प बसली. त्या गप्प बसण्याचाच तिला रात्रभर राग येत राहिला.

प्रयोगाच्या दिवशी परेश सरांनी माइकवर सांगितलं, "आता ऐका, आपल्या कुमारचा भारदस्त आवाज."

विंगेत उभ्या दिपिकाच्या मनात तेव्हाच काहीतरी तुटलं. पहिलं कडवं तिनं गायलं. "मुलगा माझा गुणी फार, कपसुद्धा उचलत नाही," यावर टाळ्या पडल्या, कुमारनं वाकून त्या घेतल्या. दुसऱ्या कडव्याला ती थांबली. कुमारचे ओठ हलत राहिले, तबला वाजत राहिला. लोक कुजबुजू लागले. मग ती पंजाबी ड्रेसमध्येच, बिनमिशीची, रंगमंचावर चालत गेली.

केतननं प्रसंग ओळखला. पोह्यांचा ट्रे त्यानं कुमारच्या हातात दिला. "काका, तुम्ही हे धरा. वरबाप आता आलेत."

हशा पिकला. पण ती गायला लागली तसा तो विरला. मागण्या तिनं एकेक करून अशा काही ठासून गायल्या, की पुढच्या रांगेतले चार-दोन गृहस्थ खाली बघू लागले. अखेरीस मागून टाळ्या सुरू झाल्या, बायकांच्या.

संगीतिका पुढे विद्यापीठाच्या महोत्सवाला जायची होती. दुसऱ्या दिवशी त्या यादीतून दिपिकाचं नाव गेलं. ती सरांकडे गेली.

"कारण लिहून द्या, सर."

"बेशिस्त. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

"मग कुमारचा आवाज म्हणून माझा आवाज सांगितलात, तेच लिहून द्या."

सरांनी कागद दिला नाही. तिनं मात्र प्राचार्यांकडे अर्ज दिला. खाली केतन, कुमार आणि अनुष्कानं सह्या केल्या आणि महोत्सवातून स्वतःची नावं काढून घेतली. अर्जाला उत्तर आलं नाही. त्या वर्षी कॉलेजची संगीतिका महोत्सवाला गेलीच नाही.

"झालं समाधान?" सरांनी तिला व्हरांड्यात विचारलं.

"नाही सर," दिपिका म्हणाली. "अजिबात झालं नाही."