दहातले आठ

सुरुंगवाल्याचा परवाना संपायला चार दिवस उरले होते आणि गड्याची झोप उडाली होती. कारण कान. दगडाच्या खाणीत नियम असा, की जितके सुरुंग लावले तितके आवाज मोजायचे. एक जरी कमी भरला तरी कुणाला आत सोडायचं नाही. न उडालेला सुरुंग म्हणजे साक्षात काळ. सव्वीस वर्षं ही मोजणी त्याच्याकडे होती. हल्ली मात्र तो दहा लावायचा, आठ ऐकायचा आणि मुकादमाच्या मोजणाऱ्या बोटांकडे चोरून बघत म्हणायचा, "दहा झाले, चला." त्याच्या भरवशावर माणसं आत जायची. त्याला स्वतःचीच शरम वाटायची.

परवान्याच्या कचेरीत डॉक्टरानं मान वर न करता विचारलं, "कान ठीक?" आणि उत्तराची वाट न बघता शिक्का उचलला. झाली तपासणी! खरं तर देवच पावला म्हणायचं, पण सुरुंगवाल्यानं कागदावर हात ठेवला.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "नीट तपासा. मला दहातले आठच ऐकू येतात."

डॉक्टरानं आता कुठं वर पाहिलं. "अहो, हे लिहिलं तर परवाना जाईल."

"जाऊ दे. माणसं जाण्यापेक्षा बरं."

तपासणी झाली, कान नापास झाले. कागदावर 'नामंजूर' उमटलं आणि त्याच्या छातीवरची धोंड उतरली. जिना उतरताना तो चक्क शीळ घालत होता. बेसूर, पण त्याला कुठं कळत होतं!

घरी सांगायचं मात्र जिवावर आलं. बायकोची जीभ तिखट. त्यानं घाबरतच कागद पुढं सरकवला. "मालक म्हणतो, एक तारखेपासून वजनकाट्यावर बस. पगार कमी."

तिनं कागद दोनदा वाचला आणि मटकन खाली बसून रडायला लागली. मग त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "सव्वीस वर्षं तीनचा धडाका झाला की मी दारात उभी. तुम्ही वळणावर दिसेपर्यंत जीव मुठीत. दुपारचा डोळा म्हणून कधी लागला नाही. सुटले बाई एकदाची."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती आडवी झाली. तीनला खाणीत नव्या माणसानं सुरुंग उडवले, फळीवरची भांडी थरथरली. सुरुंगवाला उठून बसला. बायको कूस बदलून पुन्हा झोपली.