पाच सेकंद आणि मागची पंगत

आदिनाथने सलग तिसऱ्या दिवशी मोबाइलला दोष दिला. "ह्यो फोनच मंद हाय," असं म्हणत त्याने शेजारच्या कैलासचा फोन मागून आणला आणि लेकीला पुन्हा तीस मीटर पळवलं. कैलासच्या फोननेही तेच सांगितलं, पाच पूर्णांक चार सेकंद. महिन्यापूर्वी हीच चैताली पाच पूर्णांक एकमध्ये पळत होती!

भाजे गावात आइस हॉकी म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. गावालाही आलं होतं. "आपल्याकडं बर्फ फकस्त रसाच्या गाड्यावर," असं म्हणून झालं होतं. पण सतरा वर्षांची चैताली खंडाळ्याच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये चाकांच्या स्केट्सवर हा खेळ शिकली आणि तिथल्या प्रशिक्षक प्रेरणा मॅडमनी तिच्यातला वेग हेरला. आता राज्याच्या संघाबरोबर लडाखच्या शिबिराला जायचं, तर आधी जमिनीवरची चाचणी होती. तीस मीटर, पाच सेकंदांच्या आत. तीन आठवडे उरले होते आणि पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

आदिनाथ पर्यटकांना जीपमधून फिरवायचा. लेकीसाठी त्याने काय केलं नाही! जीपचा जुना टायर दोरीने तिच्या कमरेला बांधून तिला पळवलं. भातखाचराच्या बांधावरून एका पायावर अलीकडे-पलीकडे उड्या मारून घेतल्या, कारण बर्फावर पुढे जायला पायाने आडवा रेटा द्यावा लागतो. खांद्यावर इंद्रायणी तांदळाचं पोतं देऊन उठाबशा काढायला लावल्या. हे सगळं मॅडमनी लिहून दिलेलं होतं. लेण्यांच्या पायऱ्या मात्र त्याची स्वतःची भर. वेळ घसरली की तो पायऱ्यांची एक फेरी वाढवायचा. आता चार फेऱ्या झाल्या होत्या.

त्या सकाळी तिसऱ्या फेरीला चैताली मध्येच बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"आप्पा, पाय उचलत न्हाईत."

"पाय न्हाई, मन उचलत न्हाई म्हन! लय लाड झाल्यात तुझं!"

त्याने तिथूनच मॅडमना फोन लावून लेकीची तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, "बुधवारी येते. घरीच येते."

बुधवारी घरात कोंबडीचा रस्सा शिजला होता. पाहुण्या म्हणून मॅडमचं ताट आदिनाथ आणि त्याचा मोठा मुलगा विक्की यांच्या शेजारी मांडलं. बायको रेणुका चुलीपाशी, चैताली वाढायला.

"चैताली, बस ना आमच्याबरोबर," मॅडम म्हणाल्या.

"ती बसंल माझ्यासंगं मागनं," रेणुका हसून म्हणाली. "तुमी जेवा निवांत."

विक्कीने तिसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. आदिनाथलाही आग्रह झाला, तोही नाही म्हणाला नाही. हात धुऊन तो नेहमीसारखा अंगणात निघाला, तेव्हा मॅडमनी त्याला थांबवलं.

"भाऊ, परवा चैताली किती पळाली?"

"चार येळा तीस मीटर. पाच चार, पाच चार, पाच पाच, पाच चार. आन् पायऱ्या चार फेऱ्या."

"आणि परवा ती जेवली काय?"

आदिनाथ गोंधळला. "जे आमी जेवलो तेच की. भाकरीला तोटा न्हाई आमच्यात."

"तुम्ही पाहिलंत?"

आदिनाथ आठवू लागला. लेक जेवताना तिला शेवटचं कधी पाहिलं होतं? लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं होतं, तेवढं आठवत होतं. त्यानंतर तो रोज जेवून उठला होता आणि रोज अंगणात गेला होता.

"आज बसा इथं," मॅडम म्हणाल्या.

मायलेकी जेवायला बसल्या. रेणुकाने पातेलं तिरकं केलं. तळाला पातळ रस्सा आणि मानेचा एक तुकडा. तो तिने लेकीच्या ताटात टाकला. लेकीने तो आईच्या ताटात टाकला. एक भाकरी दोघींत मोडली गेली आणि उरलेल्या भातावर रस्सा ओतून दोघी मुकाट्याने जेवू लागल्या. पोटभर नव्हतंच ते!

आदिनाथची मान खाली गेली. "मला म्हाईतच नव्हतं," तो पुटपुटला.

"भाऊ, डिझेल न घालता तुम्ही जीप घाटावर चढवता का?" मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण धार होती. "व्यायामाने स्नायू झिजतो आणि खाण्याने तो भरून येतो. तुम्ही नुसतं झिजवत राहिलात. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतो आपण. पण हा पोटोबा घरातल्या कोणाचा, हे कधी विचारलं?"

"पन रीतच हाय आमच्यात. बाया मागनं बसत्यात."

"रीत कोणी मोडत नाही, म्हणून ती चांगली ठरते का?"

आदिनाथ उठला, उभ्या उभ्याच बोलला, "उद्यापास्नं चैताली आमच्यासंगं पयल्या पंगतीला बसंल. पायऱ्या बंद."

त्याला वाटलं, लेक खूश होईल. चैतालीने ताटातून मान वर केली. "आन् आई?"

"माझं काय गं?" रेणुका म्हणाली. "मला का हॉकी खेळायची हाय?"

"आई लावणीला दिसभर वाकती, लाकडाचा भारा डोईवर आनती. तिला बळ लागत न्हाई व्हय? आई मागं राहनार असंल तर मीबी तिच्यासंगंच बसनार. मग लडाख गेलं तरी चालंल."

रेणुकाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आदिनाथला स्वतःची लाज वाटली. वीस वर्षं ही बाई आपल्याला वाढतेय आणि आपण एकदाही विचारलं नाही, तुला उरलं का?

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "उद्यापास्नं चार ताटं एकदम मांडायची. पातेलं मधी. ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी विक्कीने ताटाकडे पाहिलं. "मला एवढंच?"

"सगळ्यास्नी एवढंच!" आदिनाथ म्हणाला. रेणुकाचा हात मात्र सवयीने थांबत होता, ती आधी सगळ्यांच्या ताटांकडे बघत होती. तिला बसायला शिकायलाही चार-पाच दिवस लागले. सकाळी अंडी आली, शेंगदाणे आले, डाळ घट्ट झाली. मॅडमच्या सांगण्यावरून आठवड्यातले दोन दिवस विश्रांती आली.

चाचणीच्या दिवशी शिट्टी वाजली आणि चैताली सुटली. आदिनाथला बघवेना, त्याने डोळे मिटून घेतले. मग आकडा वाचला गेला, चार पूर्णांक शहाण्णव!

संघाच्या यादीत नाव लागलं. शेजारी उभ्या असलेल्या एका पालकाने विचारलं, "काय करून घेतलंत हो तिच्याकडून?"

"तिच्याकडनं काय न्हाई," आदिनाथ डोळे पुसत म्हणाला. "आमीच जरा सरकून बसलो."

बंधू-भगिनींनो, लेकी खेळाव्यात, जिंकाव्यात, असं आपण सगळेच म्हणतो. पण मैदानावर समान हक्क देणारे आपण घरातल्या ताटापाशी तो विसरतो. जी घरासाठी राबते, तिचा पहिल्या घासावर इतरांइतकाच हक्क आहे. तो तिला उपकार म्हणून द्यायचा नाही, तिचाच आहे म्हणून द्यायचा. तेव्हा आज जेवून उठण्याआधी एवढंच बघा, वाढणारी बसली आहे का?