मी क्रिकेटचा कप नव्हे

मी एक जुना चषक आहे, आणि मित्रांनो, पुढे काही सांगण्याआधीच बजावतो की मी क्रिकेटचा नाही. वसईत आल्यापासून हे वाक्य मनातल्या मनात म्हणून म्हणून मी थकलो आहे. घरात शिरलेला प्रत्येक पाहुणा माझ्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "अंडरआर्म क्रिकेटचा का?" नाही हो! मी गोल्फचा. त्यातही राष्ट्रीय मॅच-प्ले स्पर्धेचा.

आता मॅच-प्ले म्हणजे काय ते नीट ऐका, मी पुन्हा सांगत बसणार नाही. गोल्फच्या इतर स्पर्धांत पुष्कळ खेळाडू एकदम उतरतात आणि ज्याचे एकूण टोले सर्वांत कमी, तो जिंकतो. मॅच-प्लेमध्ये दोघेच समोरासमोर उभे राहतात. प्रत्येक होल, म्हणजे जमिनीतला प्रत्येक खळगा, ही एक वेगळी लढाई. कमी टोल्यांत ज्याचा चेंडू आत गेला, तो होल त्याचा. ज्याने जास्त होल जिंकले तो पुढच्या फेरीत, हरलेला घरी. कुस्तीच्या फडासारखंच समजा. यात एक जगावेगळी रीतही आहे. समोरच्याचा चेंडू होलच्या अगदी जवळ असला, तर तुम्ही "दिला" म्हणू शकता. मग त्याने तो टोला मारायचाच नाही, चेंडू आत गेला असं धरायचं. टोलाच काय, अख्खा सामनासुद्धा असा देता येतो. आणि एकदा दिलेलं परत घेता येत नाही, समोरच्याला नाकारताही येत नाही. या रीतीने माझं निम्मं आयुष्य खाल्लं आहे.

माझा जन्म मुंबईत, एका चांदीकाम करणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. अंग पितळेचं, वर चांदीचा मुलामा, दोन बाजूंना दोन डौलदार कान. सुरुवातीला माझ्यासाठी संस्थानिक खेळत, लष्करातले मोठे अधिकारी खेळत, बड्या कंपन्यांचे साहेब खेळत. त्यांच्या जड पिशव्या वाहणारी माणसं दोरीच्या पलीकडे उभी राहून बघत. मग दिवस पालटले, दोरी सैल झाली, आणि पिशव्या वाहणाऱ्यांतलेही काही जण खेळू लागले. दर वर्षी विजेत्याचं नाव माझ्या अंगावर कोरलं जाई. हिरव्या कापडाच्या टेबलावर मला ठेवत, मऊ फडक्याने पुसत, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत. हे सगळं असंच चालू राहील, असं मला खरोखरच वाटत होतं.

मग तो अंतिम सामना आला. एका बाजूला वसईतल्या होळी गावचा प्लासिड तुस्कानो. लहानपणी वाडीतली भाजी घेऊन बापाबरोबर मुंबईला जायचा, पुढे गोल्फच्या मैदानावर पिशव्या वाहायला लागला आणि बघता बघता खेळायलाच शिकला. दुसऱ्या बाजूला सुधाकर पेडणेकर, मूळचा कोकणातला, जहाज कंपनीत नोकरीला आणि नियमांचा भारी कडक. शेवटच्या होलपर्यंत दोघे बरोबरीत. प्लासिडने आपला चेंडू आत घातला. सुधाकरला बरोबरी राखायला एकच टोला उरला होता. उजेड कमी होत चालला होता, लोक दाटीने उभे होते आणि सुधाकरचे हात थरथरत होते. प्लासिडने ते पाहिलं आणि म्हणाला, "दिला."

झालं! सामना बरोबरीत सुटला. निकालाचा जादा होल सकाळी खेळायचा ठरलं आणि तोवर सांभाळायला म्हणून मला प्लासिडच्या हाती दिलं. सकाळी हे दोघे मैदानावर हजर, पण आयोजकांपैकी कोणाचा पत्ता नाही. त्यांचं आपसांत भांडण जुंपलं होतं. स्पर्धा बंद पडली, ती पडलीच. तुम्ही म्हणाल, मग दोघांनीच खेळून टाकायचं की! पण सुधाकर म्हणाला, "पंचाशिवाय सामना होत नाही. आणि खरा जिंकलास तूच. तो टोला माझा चुकलाच असता. कप तुझा." त्यावर प्लासिड म्हणाला, "दिला म्हणजे दिला, साहेब. बरोबरी आहे. कप निम्मा तुमचा."

तेव्हापासून हे दोन शहाणे मला वाटून घेत आहेत. पावसाळ्यात मी प्लासिडकडे, होळी गावात. उन्हाळ्यात सुधाकरकडे. आधी तो मुंबईत होता, निवृत्तीनंतर वसईतच एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. तिथे मी फ्रीजवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, पिशवीवर टीव्हीचा रिमोट. होळी गावात मान तरी मिळतो. प्लासिडची बायको रोझी माझ्यात झेंडू-शेवंती भरून मला आल्ताराजवळ, म्हणजे घरातल्या वेदीजवळ, ठेवते. पण सणावाराला ती मला चिंच आणि राख लावून असं काही घासते, की संस्थानिकांची नावं पुसट झाली आणि लष्करवाले तर जवळजवळ गेलेच. रोझी पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी, तिच्या हाताला जोर आहे. जीव लावूनच घासते, म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही. माझ्या अंगावर एकच जागा गुळगुळीत आणि कोरी राहिली. ती त्या शेवटच्या विजेत्याची.

दर वर्षी मला देताघेताना भांडण ठरलेलं. प्लासिड म्हणे, चेंडू होलपासून वीतभर होता. सुधाकर म्हणे, वीतभर कसला, चांगला छत्रीएवढा लांब होता. मी तिथे होतो. मला विचारा ना! पण चषकाला कोण विचारतो?

गेल्या वर्षी सुधाकरचा उजवा हात अर्धांगवायूने अधू झाला. आणि यंदा, मी होळी गावात असतानाच, ॲनिशा नावाची एक मुलगी तिथे आली. नव्या लोकांनी ती स्पर्धा पुन्हा सुरू केली आहे आणि ॲनिशा त्यांच्यातली. ती म्हणाली, "अंकल, रविवारी आम्ही ट्रॉफी घेऊन जाणार. त्या वर्षाचा एक विनर सांगा. नाहीतर कमिटी तिथे 'निकाल नाही' असं कोरणार, फायनल आहे ते."

निकाल नाही! एवढी वर्षं सांभाळलेल्या कोऱ्या जागेवर हे दोन शब्द? मी नुसता धुमसत बसलो. बातमी कळताच सुधाकर रिक्षा करून आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गोल्फची जुनी दांडी आणि काखेत छत्री.

"प्लासिड," तो म्हणाला, "तो टोला मला मारायचा आहे. चुकला तर तू जिंकलास. संपलं."

"दिलेला टोला मी परत घेत नसतो, साहेब. तुमचाच नियम आहे."

"नियम मला नको शिकवू! एवढी वर्षं मी दान मिळालेल्या टोल्यावर जगतोय. तो मी घातला असता की नसता, हे मला कळायला नको? तू ते कळूच दिलं नाहीस."

प्लासिडने कधी असा विचारच केला नव्हता. मीही केला नव्हता, हे कबूल करतो. रोझीने स्वयंपाकघरातून नारळाची करवंटी आणून त्याच्या हातात ठेवली. "पुरा ही अंगनात," ती म्हणाली. "कोन जिंकला ते एकदाचं ठरवा. घासून घासून माझे हात दुखले."

अंगणातली ओलसर जमीन चोपून सपाट केली. करवंटी पुरली. मला खांबाला टेकवून ओट्यावर ठेवलं, त्यामुळे मला सगळं स्पष्ट दिसत होतं. सुधाकरने करवंटीपासून छत्री आडवी टाकली.

"एवढा लांब नव्हता हो."

"एवढाच होता."

एवढाच होता, मित्रांनो. सुधाकरचं बरोबर होतं.

सुधाकरने काठी ॲनिशाकडे दिली. दांडी दोन्ही हातांत धरली, आणि उजवा हात त्या संध्याकाळपेक्षाही जास्त थरथरू लागला. प्लासिडने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा पुन्हा "दिला" म्हणतो की काय! रोझीने त्याचा दंड घट्ट धरला. सुधाकरने टोला मारला. चेंडू निघाला, सुपारीच्या एका सालीला अडखळला, जरा वळला, करवंटीच्या कडेशी रेंगाळला आणि आत पडला.

म्हणजे पुन्हा बरोबरी! मला कपाळ असतं तर मी त्यावर हात मारून घेतला असता, आणि हात असते तर आधी या दोघांना धरून हलवलं असतं.

"सर, सेम झालं ना मग?" ॲनिशा रडवेली झाली. "आता काय लिहायचं?"

सुधाकर करवंटीकडेच बघत होता. डोळे भरून आले होते. "गेला," तो म्हणाला. "प्लासिड, तेव्हाही गेला असता."

"मी दुसरं काय सांगत होतो?"

सुधाकरने डोक्यावरची टोपी काढली आणि हात पुढे केला. "सामना दिला."

"साहेब, असं नका करू. आत्ताच तुम्ही..."

"आत्ताच. आजपर्यंत माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, सगळं तूच दिलेलं होतं. आज माझं मी मिळवलंय, म्हणून देतोय. नियम काय आहे?"

रोझीच म्हणाली, "नाय म्हनता येत नाय. एवढं मला पन ठाऊक हाय. धरा हात."

त्याने हात धरला.

शनिवारी वसई गावातल्या एका दुकानात माझ्या कोऱ्या जागेवर प्लासिड तुस्कानोचं नाव कोरलं. सुई टोचत होती आणि मी हूं की चूं केलं नाही. दोघे म्हातारे बाकावर शेजारी बसून बघत होते. भांडायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे दोघेही जरा अवघडल्यासारखे वाटत होते. आज रविवार. ॲनिशाची गाडी दारात उभी आहे. इतकी वर्षं जिथून सुटका हवी होती, तिथून निघताना मला अजिबात बरं वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर एखादा काळवंडलेला कप असेल. तो ज्याने आणला, त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा, कशाचा आहे, समोर कोण होतं, शेवटी काय झालं. तो माणूस घरात आहे तोवरच विचारा. आम्हाला सगळं आठवतं, पण आम्हाला विचारून काही उपयोग नाही.