बिनगोळीचा माणूस

चौथ्यांदा उठायला गेला आणि चौथ्यांदा लहानू खाटेवर मटकन बसला.

"काहून जी, रूळ उचलणारा गडी तुमी, अन् सोताचं आंग उचलत नाही?" कलावती खिदळली.

"मांड्या फुटून राहिल्या माह्या. अन् आता लघवी झाली नं, कोऱ्या चहावानी."

तिचं हसू ओठावरच वाळलं.

कलावतीचा नवरा रेल्वेत गँगमन होता, हे अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्याला पाठ. त्यानं एकट्यानं उचललेला रूळ तिच्या तोंडी दरवर्षी हातभर लांब व्हायचा. बिलासपूरच्या बाजूला एक बिबट्या त्याच्या पोटऱ्या हुंगून माघारी गेला होता म्हणे. आणि शेवट ठरलेला, "आजवर या माणसाच्या पोटात गोळी नाही गेली!"

खरं तर छातीचं दुखणं झालं तेव्हापासून, दोन वर्षं, तो रोज कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायचा. ती गोळी कलावती मोहरीच्या डब्यात लपवायची. शेजारणीला दिसली तर बिबट्याचं काय होणार?

महिन्याभरामागं लहानूच्या जांघेत गजकर्ण उठलं. डॉक्टरला दाखवायची त्याला लाज. मग तीच पलीकडच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या मेडिकलवर गेली. दुकानदारानं बरोबर विचारलं होतं, "दादा दूसरी कोई दवा लेते हैं क्या, अम्मा?"

"गोळी त्याईच्या वाऱ्याले उभी नाही राहत, भैया!"

तो हसला. कॅप्सूल दिल्या. खाज गेली, आणि मागोमाग पाय गेले.

नात चेतनानं दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर शर्मिष्ठाबाईंनी मांडी नुसती दाबली, तर लहानू ओरडला. बाईंनी लघवीची बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"आजी, कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत आणखी काही चालू होतं? नीट आठवा."

"दादी, बता ना," चेतना म्हणाली.

लहानूनं डोळ्यांनीच खुणावलं, नको. कलावतीच्या जिभेवर बिबट्या येऊन बसला होता. तिनं नवऱ्याच्या पायांकडं पाहिलं. टेबलावरून ते नुसते लोंबत होते.

तिनं कनवटीतून कॅप्सूलचं पाकीट काढलं.

"खाजेच्या हायेत. जांघेत झालं होतं. एकवीस दिवस खाल्ल्या. मीच आणल्या. दुकानदाराले मीच खोटं बोलली."

लहानूनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"दोन्ही आत्ता बंद," बाई म्हणाल्या. "या कॅप्सूलमुळे ती गोळी अंगातून निघत नाही, साठत जाते. मग स्नायू विरघळायला लागतात, आणि तो गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो."

"पण बरे होतीन ना, बाई?"

"सलाईन लावतो. लघवीचा रंग बघत राहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजूच्या खाटेपाशी बसलेल्या एका बाईनं गप्पा काढल्या. "आपके आदमी क्या करते थे, दीदी?"

खाटेखालच्या पिशवीत लघवी थेंब थेंब पडत होती. अजून काळीच.

"रेलवे में थे," कलावती म्हणाली.

बाई पुढचं ऐकायला थांबली. कलावतीनं लहानूचा खाटेवरून घसरलेला पाय दोन्ही हातांनी उचलला, वर ठेवला, आणि पुन्हा पिशवीपाशी वाकून बसली.