मामाला फोनवरून आवतन

चाकूरच्या मंगल कार्यालयात सकाळपासून सनई वाजत होती, आणि गौरम्माच्या डोक्यात घण. हळद झाली, लग्न लावणारे जंगम स्वामी येऊन बसले, नवरदेवाचं वऱ्हाड नाष्टा करून जांभया देऊ लागलं. देगलूरहून तिचा भाऊ चंद्रप्पा मात्र आलाच नव्हता. त्यांच्याकडं मामानं हाताला धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. अक्षरा हिरवा चुडा भरून खोलीत बसली होती.

"मम्मी, मामा?"

"येतो की. गाडी पंक्चर झाली आसंल."

फोन लावून लावून गौरम्माचं बोट दुखलं. चंद्रप्पाचा फोन लागतच नव्हता. शेवटी तिनं शेजारच्या बबिताचा फोन मागितला. बबितानं तो देता देता जीभ चावली.

"काकू, तुमचा नंबर आम्हीबी बंद करून ठेवला व्हता. पत्रिकेची फाईल आली की त्या घरचे सगळे नंबर बंद करा, आसं काकानंच सांगितलं व्हतं ना."

काका म्हणजे गौरम्माचा नवरा, नागप्पा. धंद्यानं किराणावाला, पण मनानं अख्ख्या तालुक्याचा चौकीदार. दुकानाचं शटर वर जायच्या आधी त्याचा मेसेज सगळ्यांकडं पोचायचा. 'सावधान! निळ्या पोपटाचं चित्र उघडू नका, मोबाईल फुटतो!' 'सावधान! चोर नातेवाइकाच्या आवाजात बोलतात!' 'सावधान! लग्नपत्रिकेची फाईल आली तर हात लावू नका, फोन चोराच्या ताब्यात जातो!' त्यातलं काही खरं असायचं, बाकीची नुसती हवा. कोणतं खरं आणि कोणती हवा, ते त्यानं कधी तपासलं नाही. खाली लिहिलेलं असायचं, दहा जणांना पाठवा. हा भला माणूस सगळ्या गावाला पाठवायचा.

मग एक दिवस त्याच्याच फोनवर लाल पाटी आली. 'तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस घुसले आहेत. ताबडतोब हे ॲप घ्या.' तेरा व्हायरस घरात घुसल्यावर चौकीदार गप कसा बसणार? ॲपनं जे जे मागितलं त्याला तो हो म्हणत गेला. गौरम्माला बघायला आला होता तेव्हासुद्धा त्यानं इतके होकार दिले नव्हते. त्याच आठवड्यात त्यानं पोरीच्या लग्नाची खरी पत्रिका सगळ्यांना पाठवली. आणि त्याच्या फोननं, त्याला न विचारता, 'लग्नपत्रिका' नावाची दुसरी एक फाईल सगळ्यांना धाडून दिली.

गौरम्मानं बबिताच्या फोनवरून नंबर फिरवला. लागला.

"चंद्रू? म्या बोलतेय. अक्का."

"कोण अक्का?" पलीकडून सावध आवाज आला.

"आरं, तुझी अक्का! गौरम्मा!"

"वा! आवाज बरा काढून राहिलाव. दाजीनं सांगून ठेवलंय, चोर घरच्याच आवाजात बोलतेत."

"आज अक्षराचं लगीन हाय रे!"

"हां, सापडलाव बघा! आमच्यात मामाला फोनवर आवतन देत न्हाईत. दाजी सोता दारात येतेत, नारळ, कुंकू, मामीला खण घेऊन. तुम्ही पाठवली फाईल! लई कच्चे चोर दिसता."

गौरम्माच्या कानशिलाची शीर उडायला लागली. कारण हे खरं होतं. देगलूरला जाऊन नारळ देऊन या, म्हणून ती महिनाभर मागं लागली होती. 'कशाला डिझेल जाळायचं? बटन दाबलं की पोचलं,' असं नागप्पा म्हणाला होता.

"चंद्र्या! मुडद्या!" ती अशी सुटली की सनईवाल्यानं सनई खाली ठेवली. "तुझ्या लग्नात मांडवात विंचू निघाला तवा नवरीला सोडून कडब्यात लपलास! कानाला धरून कोणी आणलं रे तुला? तू फोडलेल्या घागरीचा मार कोणी खाल्ला? बावळटा, आत्ताच्या आत्ता गाडीत बसला न्हाईस तर देगलूरला येऊन तुझं टाळकं पाट्यावर वाटीन!"

पलीकडून गहिवरलेला आवाज आला, "अक्का! तूच गं! चोराला आसं बोलायला दुसरा जन्म घ्यावा लागंल. निघालो!" लगेच तो अडला. "पण आवतन?"

"दारात मिळंल!"

फोन ठेवून ती वळली. नागप्पा बोहल्यापाशी मान खाली घालून मोबाईलवर बोटं चालवत होता.

"आवो! काय करून राहिलाव?"

"सगळ्यांना सावध करून राहिलो. माझा फोन हॅक झालाय म्हणून."

"कोणत्या फोनवरून?"

नागप्पानं हातातल्या फोनकडं बघितलं. "...ह्याच."

गौरम्मानं फोन हिसकावला, बंद केला आणि कमरेला खोचला. "बबिताच्या फोनवरून आधी बँकेला कळवा. मग नारळ घ्या आन् दारात उभं ऱ्हावा. जेवायला बसलाव तर बघा!"

मुहूर्त टळला. जंगम स्वामी खुर्चीत डुलकी काढून उठले. उन्हं कलली तेव्हा जीप आली. चंद्रप्पा बायकोला घेऊन उतरला आणि हाताची घडी घालून फाटकाबाहेरच थांबला. नवा फेटा, घामानं भिजलेला सदरा, हातात ताट, असा नागप्पा पुढं झाला. त्यानं मेव्हण्याला कुंकू लावलं, नारळ दिला, मामीच्या ओटीत खण घातला.

"चंद्रप्पाराव, पोरीच्या लग्नाला यावं."

चंद्रप्पानं त्याला फेट्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही खरे दाजी कशावरून?"

"चंद्र्या!" मागून गौरम्मा गरजली.

चंद्रप्पा गुमान आत गेला आणि भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर घेऊन आला. मंगलाष्टकं सुरू झाली. गौरम्मानं मुठी भरभरून अक्षता टाकल्या. त्यातल्या निम्म्या नागप्पाच्या तोंडावर बसल्या, आणि चांगल्याच जोरात.